आल्याचा चहा : एका तरुण परंपरेची जुनी मुळे

घरातल्या चहाबद्दल कोणालाही विचारा, पहिले वाक्य ठरलेले असते : ‘आमच्याकडे पहिल्यापासून असाच चहा होतो.’ कोणाकडे आले किसून घालतात, कोणाकडे ठेचून. कोणाकडे पावसाळ्यात गवती चहाची पात हवीच, तर कोणाकडे पाहुणा आला की दोन वेलदोडे सालासकट पातेल्यात पडतात. प्रत्येक घराला आपला चहा हाच खरा वाटतो. मात्र ‘पहिल्यापासून’ म्हणजे किती वर्षांपासून, हे कोणी सांगत नाही. गेली काही वर्षे मी हा एकच प्रश्न घेऊन जुनी पुस्तके, आठवणी, जाहिराती आणि स्वयंपाकघरातल्या सवयी चाळतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले, पाहिले आणि विचारले, त्याची सांगड घालून हा लेख लिहिला आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण घरात आले, दूध आणि साखर घालून रोज उकळला जाणारा चहा फार तर चार पिढ्यांचा आहे. पण तो ज्या रीतीने केला जातो, ती रीत इथल्या चहापेक्षा कितीतरी जुनी आहे. पत्ती मळेवाल्यांनी दिली. चहा घडवला तो घरातल्या बायकांनी, आणि तोही मळेवाल्यांच्या सूचना सरळ बाजूला ठेवून.

सुरतेचा मसालेदार चहा

आपल्या भागातल्या चहाच्या जुन्या नोंदी सुरतेच्या आहेत. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेला आला. तिथल्या रोजच्या भेटीगाठींत चहा घेतला जातो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेत होता. त्याचा प्रवासवृत्तांत १६९६ मध्ये छापला गेला. त्यातली नोंद आपल्या कामाची आहे. पाण्यात गरम मसाल्याचे पदार्थ घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर आणि पोटाच्या मुरड्यावर गुणकारी मानतात, आणि लोक तो खडीसाखरेबरोबर, तर काही चोखंदळ मंडळी मुरवलेल्या लिंबाबरोबर घेतात, अशा अर्थाचे तो लिहितो.

ही नोंद वाचून ‘बघा, मसाला चहा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण थोडे थांबायला हवे. हा चहा चीनचा होता. डच आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो बंदरात उतरत होता आणि बंदरातल्या श्रीमंत लोकांपुरता होता. त्यात दुधाचा उल्लेख नाही. मुख्य म्हणजे तो औषधाच्या अंगाने घेतला जात होता. सुरतेच्या त्या पेल्यापासून आपल्या आजच्या पातेल्यापर्यंत सलग धागा ओढता येत नाही. ओव्हिंग्टनच्या नोंदीतून एवढे मात्र नक्की कळते की नवे पान हाती आल्यावर इथल्या माणसाने त्याला लगेच काढ्याच्या रांगेत बसवले. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मुंबईच्या पारशी घरांची गोष्टही थोडी अशीच आहे. जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या सफरी केल्या आणि त्या व्यापारावर मुंबईतली मोठी घराणी उभी राहिली. पारशी घरात आजही चहात पुदिना आणि गवती चहा घालतात. पण हीसुद्धा शहरातल्या एका लहान, सुखवस्तू समाजाची चाल होती.

साहेबाचे पेय आणि पुण्याचे ग्रामण्य

आसामातून चहाची पहिली खेप १८३८ मध्ये लंडनला रवाना झाली आणि १८३९ च्या जानेवारीत तिचा लिलाव झाला. त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली. पुढची पन्नास-साठ वर्षे भारतातला चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. मळ्यावर राबणारा मजूर, त्याच्या शेजारचा शेतकरी आणि आपल्याकडचा गावकरी हे या मालाचे गिऱ्हाईक होतील, असे कोणाच्या मनात नव्हते. चहा हे साहेबाचे, त्याच्या कचेरीत जाणाऱ्या बाबूचे आणि शहरातल्या सुशिक्षिताचे पेय होते.

मराठी माणसाच्या चहाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग याच काळातला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला, कोणी तसाच ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली आणि गहजब उडाला. नावांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी माणसे नेमली आणि प्रायश्चित्ताचा वाद दोन वर्षे चालला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या दिवसांचे घरातून पाहिलेले चित्र आहे.

या प्रकरणात दोष चहाच्या पानाचा नव्हता. तो मिशनऱ्यांच्या हातचा होता, हे खरे दुखणे होते. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते. १८९० साली पुण्यातल्या सनातनी घरात चहा ही बाहेरची, संशयास्पद वस्तू होती. ती घरातली झालेली नव्हती. मग पुढच्या पन्नास वर्षांत असे काय झाले की तोच चहा एकादशीलाही चालू लागला?

पैशाची पुडी आणि स्टेशनावरचे फलक

पहिले उत्तर बाजाराचे आहे. १९०३ मध्ये सरकारने चहा उपकराचा कायदा केला. निर्यातीवर बसवलेल्या या कराच्या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता. त्यातला काही भाग भारतातल्या प्रचारावर खर्च होऊ लागला. ब्रुक बाँडसारख्या कंपन्यांनी एका पैशाची लहान पुडी काढली, म्हणजे ज्याला पाव शेर चहा परवडत नाही त्यानेही एकदा चव बघावी.

खरा जोर आला तो १९३० नंतरच्या मंदीत. चहाचे भाव कोसळले. १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज या उत्पादकांनी करार करून निर्यातीवर मर्यादा घातली. बाहेर माल जाणार नाही, तर तो देशातच खपवायला हवा. उपकराच्या समितीचे १९३७ मध्ये ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ झाले आणि प्रचाराला मोहिमेचे रूप आले. रेल्वे स्टेशनांवर मुलाम्याचे रंगीत फलक लागले. बाजारात, जत्रेत, कारखान्यांच्या दाराशी प्रचारक चहा करून दाखवू लागले आणि फुकट पाजू लागले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी चहाच्या गाड्या धावल्या.

चहा कसा करावा, हेही या प्रचारात शिकवले जात असे. त्या सूचना लक्ष देऊन वाचण्यासारख्या आहेत. ताजे पाणी उकळा. किटली आधी गरम करून घ्या. माणशी एक चमचा पत्ती, आणि वर एक किटलीसाठी. उकळते पाणी पत्तीवर ओता, झाकण ठेवा, पाच मिनिटे थांबा. मग कपात ओतून दूध-साखर घाला. पाणी उकळायचे, पण पत्ती उकळायची नाही. मसाल्याचे तर नावच नाही. ही सारी विलायती रीत होती, आणि तीच शुद्ध रीत म्हणून गावोगाव सांगितली जात होती.

यात मळेवाल्यांचा हिशेबही होता. माणशी एक चमचा आणि वर एक, या मापाने पत्ती भरपूर खपते. पातेल्यात पत्ती उकळली, दूध वाढवले, आले घातले, की निम्म्या पत्तीत तेवढाच कडक चहा होतो. विकणाऱ्याला ही काटकसर कशी आवडणार?

घराने काय केले

घराने पुडी घेतली आणि सूचना सोडून दिली.

आपल्याकडे पानाचा, मुळाचा किंवा सालीचा गुण पाण्यात उतरवायची एक पद्धत आधीपासून होती : काढा. वस्तू ठेचायची, पाण्यात घालायची, उकळायची, आटवायची, गाळायची, वर गूळ किंवा खडीसाखर. सर्दीला आले-तुळस, पोटाला सुंठ, तापाला गवती पात, बाळंतिणीला बाळंतकाढा. सुंठ, मिरे आणि पिंपळी या तिघांना आयुर्वेदात त्रिकटू असे नावच आहे. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ही विद्या अवगत होती. तिच्या हातात काळी भुकटी आल्यावर तिने काय केले असेल? किटली तिच्याकडे नव्हती. पातेले होते, चूल होती आणि काढ्याची सवय होती. तिने भुकटी पातेल्यात टाकली आणि उकळली.

याला कोणत्याही दप्तरात कागद मिळणार नाही. पण पुरावा रोज सकाळी आपल्यासमोर असतो. विलायती चहा मुरवायचा असतो, आपला उकळायचा असतो. या एका क्रियापदात दोन वेगळे इतिहास आहेत.

गंमत अशी की उकळण्याला विरोध करणारे नुसते मळेवाले नव्हते. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना ‘आरोग्याची किल्ली’ हे पुस्तक लिहिले. त्यात चहा-कॉफीची गरज नाही, असे त्यांनी म्हटले आहे, आणि पाने उकळल्याने उतरणारे टॅनिन पचनाला वाईट, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. एकीकडे चहा विकणारा आणि दुसरीकडे चहा सोडा म्हणणारा, दोघांचेही पत्ती उकळण्याला ‘नको’. घरातल्या पातेल्याने दोघांचेही ऐकले नाही. मात्र दूध घातल्याने त्या टॅनिनचा तुरटपणा कमी होतो, हे पातेल्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

भुकटी, साखर, स्टोव्ह

नुसत्या काढ्याच्या सवयीने मात्र रोजचा चहा घरोघर पोचला नसता. तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे भुकटी. १९३० च्या आसपास आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी पाने चिरडणारे, फाडणारे आणि वळणारे यंत्र तयार केले. आज आपण ज्याला सीटीसी म्हणतो, ती दाणेदार पत्ती या यंत्राची. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ती देशभर पसरली. दाणा बारीक असल्याने रंग चटकन उतरतो, चव कडक येते आणि थोड्या पत्तीत जास्त कप होतात. लांब पानाच्या सुगंधी चहात दूध आणि आले घातले तर चहा हरवून जातो. दाणेदार पत्ती दुधाला आणि आल्याला पुरून उरते. आजच्या ‘पारंपरिक’ चहाची चव निम्मी तरी या यंत्राची आहे.

दुसरी गोष्ट साखर. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्रात साखरेचे युगच आले. त्याआधी, आणि युद्धकाळातल्या रेशनच्या दिवसांतही, गावात चहा गुळाचाच होता. गुळाच्या चहात दूध फाटते, म्हणून तो अनेकदा कोराच प्यायचे. कोकणात दूध कमी, तिथे कोरा चहा ही गरज होती आणि पुढे आवड झाली. आज शहरातल्या दुकानांत ‘गुळाचा चहा’ आरोग्याची नवी टूम म्हणून मिळतो. जुन्या माणसांना त्यात टंचाईची चव लागते.

तिसरी गोष्ट स्टोव्ह. चूल पेटवणे हे सकाळचे मोठे काम, आणि सोवळ्याच्या घरात त्या चुलीवर काय चढावे याचे नियम कडक. चहाची पूड कोणाच्या हातची, कुठल्या दुकानातली; ती सोवळ्यात चालणार नाही. अनेक घरांत या अडचणीवर साधी तोड निघाली. चहा चुलीवर करायचाच नाही. बाहेरच्या खोलीत शेगडीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर करायचा. त्यामुळे चहाचे पातेले वेगळे, गाळण्याचे फडके वेगळे, आणि चहाची वेळ स्वयंपाकाच्या वेळेपासून सुटी झाली. दुपारी चारला, कोणीही आले तरी, दहा मिनिटांत काहीतरी गरम पुढे करता येऊ लागले. पूर्वी दारात आलेल्याला गूळ-पाणी देत. त्याची जागा चहाने घेतली. ‘चहापाणी’ या जोडशब्दात ते जुने पाणी अजून टिकून आहे.

नावांची साक्ष

कागद नसतो तिथे शब्द कामाला येतात. ‘गवती चहा’ हे नाव पाहा. ही पात मुळात सुगंधी गवताची. परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी. तिचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही. तरी मराठीत तिचे नाव चहावरून पडले. म्हणजे आधी चहा आला, मग या पातीचा पाण्यात उकळण्याचा उपयोग पाहून तिला ‘गवताचा चहा’ म्हटले गेले. गुजरातीतही तिला ‘लीली चा’, म्हणजे हिरवा चहा, म्हणतात. पाहुण्याचे नाव घरच्या पातीला मिळाले. चहा काढ्याच्या कुटुंबात किती लवकर मिसळला, याची ही साक्ष मला कोणत्याही फलकापेक्षा मोलाची वाटते.

दुसरा शब्द ‘मसाला चहा’. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. ‘आलं घालून चहा टाक’, ‘पाहुणे आलेत, वेलदोडा घाल’, ‘घसा धरलाय, सुंठीचा कर’ असे ती म्हणायची. म्हणजे चहा एकच नव्हता; हवा, माणूस आणि दुखणे पाहून त्यात काय पडायचे ते ठरत असे. ‘मसाला चहा’ हे नाव आमच्या घरात दुकानातून आले, डबीबंद चूर्णाबरोबर. डबीतले चूर्ण बाराही महिने सारखेच असते. आजीच्या चहाला ऋतू होता : पावसाळ्यात पात आणि आले, थंडीत सुंठ-मिरे, उन्हाळ्यात नुसता वेलदोडा, सणाला चिमूटभर जायफळ.

तिसरी साक्ष उपवासाची. कांदा चालत नाही, गहू चालत नाही, पण चहा चालतो आणि त्यातले आलेही चालते. शास्त्रात या पानाचा विधी वा निषेध असण्याचे कारणच नाही. घरातल्या बाईने ते ठरवले. सकाळपासून उपाशी राबायचे असेल तर एक कप चहा हवा, हा तिचा शास्त्रार्थ. पंचहौदाच्या कपावर दोन वर्षे वाद करणाऱ्या समाजात हा निर्णय कधी, कोणी, कोणत्या सभेत घेतला, याची नोंद कुठेही नाही. तो गुपचूप घेतला गेला आणि टिकला.

पातेल्यातली विद्या

घरातला चहा म्हणजे सवयीचे काम, असे समजून आपण त्यातली विद्या पाहत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. आले आधी पाण्यात उकळायचे आणि दूध नंतर घालायचे, हे घरात मुलीला पहिल्या दिवशी सांगितले जाते. याचे कारण असे की कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते, त्याने दूध फाटते. उकळल्यावर त्याचा जोर संपतो. ज्या बाईने हे कधी वाचले नाही, तिला ते दोन वेळा दूध फाटून कळले आणि पुढे तीन पिढ्या कोणाचे दूध फाटले नाही.

वेलदोड्याचे उलट. त्याचा वास उडून जाणारा, म्हणून तो शेवटी, गॅस बंद करायच्या जरा आधी. पात कापून नव्हे, गाठ मारून टाकायची, म्हणजे गाळताना काडी-काडी निवडावी लागत नाही. आले पावसाळ्यात कोवळे असते तेव्हा जास्त, जून झाले की कमी. गूळ घालायचा तर दूध वेगळे तापवून वरून घालायचे. एक कप कमी पडला तर पाणी वाढवायचे नाही, सर्वांच्या कपातले थोडे थोडे काढायचे. हे शेवटचे चहाचे शास्त्र नाही, घर चालवण्याचे आहे. पण शिकवले जाते चहाच्या निमित्ताने.

पुण्यातल्या अमृततुल्याच्या दुकानांत हीच विद्या रस्त्यावर आली. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दुकाने थाटली. पितळेचे चकचकीत पातेले, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे आणि गिऱ्हाइकासमोर उकळणारा चहा, हा त्यांचा थाट. तिथेही पत्ती उकळते. किटलीचे राज्य तिथेही आले नाही. दुकानदार पुरुषाचे नाव पाटीवर राहिले. घरात तेच काम करणारीची पाटी कधी लागली नाही.

कप कोणाचा

इथवर लिहिलेले सगळे गोड आहे. पण घरातल्या चहाच्या परंपरेला आणखी एक बाजू आहे आणि ती वगळून हा इतिहास पुरा होत नाही. अनेक घरांच्या ओट्याखाली किंवा दाराच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असे. कान तुटलेली, चीर गेलेली. ती गड्यासाठी, मोलकरणीसाठी, सफाई करणाऱ्यासाठी. त्यांना चहा तोच मिळे, आल्याचाच. पण कप वेगळा, तो धुवायचाही त्यांनीच. हीसुद्धा ‘पहिल्यापासून’ चालत आलेली रीत होती आणि तीही घरात शिकवली जात होती. आमच्याही घरी होती.

चहा म्हणजे आधी पाणी. आपल्या समाजात पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न सर्वांत जुना. म्हणूनच चहाच्या कपावर तो लढला गेला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. १९२० च्या सुमारास भाऊसिंगजी रस्त्यावर हे ‘सत्यसुधारक’ हॉटेल चालू झाले. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. पुण्यात तीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी प्रायश्चित्त मागितले गेले, तीच गोष्ट कोल्हापुरात राजाने भर रस्त्यावर करून दाखवली. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो प्रश्न उभा केला, तो त्या कपात आधीच उकळत होता.

ती वेगळी कपबशी काही घरांतून गेली, काहींतून अजून गेलेली नाही. काही ठिकाणी ती आता कागदाच्या पेल्याच्या रूपात आहे. परंपरा सांगताना आल्याचे प्रमाण सांगायचे आणि कपाची गोष्ट गाळायची, हे मला पटत नाही.

मग परंपरा कशाला म्हणायचे?

आज देशात होणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा देशातच प्यायला जातो. ज्या मालाला शंभर वर्षांपूर्वी इथे गिऱ्हाईक शोधावे लागत होते, त्याचे हे चित्र. ते पाहून काही अभ्यासक म्हणतात की भारतीय चहा ही जाहिरातीने घडवलेली परंपरा आहे. हे अर्धेच खरे. जाहिरातीने पुडी दारात आणली, हे मान्य. पण जाहिरातीने सांगितलेला चहा आपण पीत नाही. आपण पितो तो चहा कोणत्याही फलकावर नव्हता. तो काढ्याच्या सवयीतून, साखरेच्या भावातून, स्टोव्हच्या सोयीतून आणि अंगणातल्या पातीतून तयार झाला. चार पिढ्यांत तो इतका आपला झाला की त्याचे वय विसरले गेले. परंपरा जुनी असायलाच हवी असे नाही. ती हातातून हातात गेलेली असावी लागते.

म्हणूनच एक विनंती. चुलीवरचा, गुळाचा, फडक्याने गाळलेला चहा ज्यांनी स्वतः केला, त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. घरात पहिला चहा कधी आला, कोणी आणला, सुरुवातीला त्याला नको कोण म्हणाले, गूळ सुटून साखर कधी आली, ओट्याखालची कपबशी कधी फुटली की कोणी मुद्दाम फोडली, हे त्यांनाच माहीत आहे. हे कोणत्याही दप्तरात नाही. या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी चहाचा कप येईल तेव्हा तो करणारीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा, समोर बसवा आणि विचारा. जे सांगेल ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. चहाचे प्रमाण लिहाल तेव्हा तिचे पूर्ण नावही लिहा.